विकतच्या पांढऱ्या चिमण्या

सोनईच्या पेठेमागच्या गल्लीत राहणाऱ्या रंगनाथराव शेट्यांनी एकाहत्तरच्या दिवाळीत पुण्याहून दोन पाखरं विकत आणली. गल्लीत ही गोष्ट पुढे कित्येक वर्षं सांगितली गेली आणि सांगणाऱ्याचा जोर दर वेळी 'पाखरं' या शब्दावर नसायचा, 'विकत' या शब्दावर असायचा. विहिरीच्या काठावर, देवळाच्या कळसावर, धान्याच्या सुपात, जिथे बघावं तिथे जी वस्तू फुकट बसलेली असते, ती एका शिकलेल्या माणसाने पैसे मोजून पिंजऱ्यात घालून घरी आणावी, हे लोकांच्या पचनी पडायला वेळ लागला. काहींच्या कधीच पडलं नाही.

रंगनाथराव सरकारी कचेरीत कारकून होते. अठरा वर्षं नोकरी झाली होती आणि या अठरा वर्षांत त्यांच्या हातून एकही चुकीचा आकडा फायलीत गेला नव्हता. याची त्यांना स्वतःला जितकी जाणीव होती तितकी इतर कुणालाच नव्हती, हे त्यांचं एक जुनं दुखणं. एकुलत्या एका मुलीचं लग्न करून तिला त्याच उन्हाळ्यात पुणतांब्याला दिली होती. घर एकदम मोठं वाटू लागलं होतं. संध्याकाळी ते आणि पत्नी रतनबाई समोरासमोर बसून चहा प्यायचे, आणि बशीत कप ठेवल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटायचा.

रतनबाईंचा भाऊ मच्छिंद्र पुण्यात एका कारखान्यात फिटर होता. दिवाळीला दोघे त्याच्याकडे गेले तेव्हा त्याच्या गॅलरीत पिंजरा टांगलेला. आत चिमणीपेक्षा लहान, लाल चोचीची चार पाखरं, आणि आवाज लहान मुलांच्या रबरी बाहुलीतल्या शिट्टीसारखा. ट्यां, ट्यां.

"दाजी, ह्याला फिंच म्हणत्यात. मूळची ऑस्ट्रेलियाची," मच्छिंद्र म्हणाला. "कामावरनं आलं की ह्यांच्यापुढं नुसतं बसायचं. डोकं कसं गार पडतं. आणि दोनाची वीस व्हायला सहा महिने पुरतात."

रंगनाथरावांच्या मनात शेवटचं वाक्य जास्त रुतलं. दुसऱ्या दिवशी मच्छिंद्रच्या ओळखीच्या पाखरंवाल्याकडून त्यांनी एक जोडी घेतली. साधी करडी नको, खास पांढरी जात. आपण सरकारी माणूस, आपल्याकडची वस्तू जरा उजवी असावी, एवढाच विचार.

परतीच्या एसटीत कंडक्टरने पिंजऱ्याकडे बोट केलं.

"हे काय हाय?"

"फिंच."

"ते न्हाई इचारलं. जनावर हाय का सामान?"

रंगनाथरावांनी ऑस्ट्रेलिया सांगून पाहिलं. कंडक्टर म्हणाला, त्याच्याकडे कोंबडीचं तिकीट हाय, बकरीचं हाय, पण ऑस्ट्रेलियाचं न्हाई. सामान म्हणावं तर टपावर टाकावं लागेल, जनावर म्हणावं तर कोंबडीचा दर लागेल. रंगनाथरावांनी दोन्हीला नकार दिला, कारण एकात पाखरांना धोका होता आणि दुसऱ्यात त्यांचा अपमान. शिरूर येईपर्यंत सगळी गाडी या चर्चेत पडली. शेवटी पुढच्या बाकावरची एक म्हातारी वैतागून म्हणाली, "चिमण्याच तर हायेत, बसू दे की बाबा." कंडक्टरला हे पटलं. चिमणीला तिकीट नसतं. रंगनाथराव तोंड उघडणार होते, पण रतनबाईंनी कोपराने ढोसलं. फुकटात सुटलो एवढं बघा, असं ते कोपर म्हणत होतं.

पण तो शब्द त्यांच्या आधी सोनईत उतरला. पिंजरा ओट्यावर ठेवला न ठेवला तोच शेजारच्या केशरबाई पदर खोचत आल्या. सत्तरीची बाई, घरात एकटी, गल्लीचा सगळा कारभार तिच्या तोंडावर चालायचा.

"रंगनाथा, चिमण्या इकत आणल्या व्हय?"

"मावशी, त्या चिमण्या नाहीत. फिंच आहेत."

"तिकडं चिमणीला फिंच म्हणत्यात का?" केशरबाईंनी नीट वाकून बघितलं. "पांढऱ्या फटक पडल्यात. आजारी हायेत जणू. म्हणूनच तुला दिल्या असत्याल."

मग कारभारीआण्णा आले. कारभारीआण्णा जनावरांच्या दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून रिटायर झालेले. तीस वर्षं बैलांना औषध पाजलेलं असल्यामुळे जीव असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांचं मत अखेरचं समजलं जाई. ते म्हणाले, "भाऊसाहेब, बैल काय आन् चिमणी काय, आतनं समदं एकच. फकस्त डोस कमी करायचा." आणि त्यांनी बैलाची हाडं मजबूत करणारी भुकटी आणून दिली. ती रंगनाथरावांनी दोन दिवसांनी गुलाबाच्या कुंडीत टाकली. गुलाबाला मानवली.

पिंजरा लहान पडेल म्हणून बन्सी सुताराला मोठं घर करायला सांगितलं. वीस पाखरांचं, फळ्या, दांड्या, दार, सगळं. बन्सी कामाला वाघ होता, पण त्याच्या डोक्यात आयुष्यभर कोंबड्यांचंच खुराडं बसलेलं. त्याने चांगलं माणूसभर उंच घर केलं आणि त्याला कोंबड्यांची जाळी मारली. मुहूर्तावर रंगनाथरावांनी केशरबाई, कारभारीआण्णा आणि आणखी पाचसहा जणांच्या साक्षीने पाखरं पुढच्या दारातून आत सोडली. पाखरं आत गेली, दांडीवर बसली, इकडेतिकडे बघितलं आणि मागच्या जाळीतून बाहेर येऊन देवाच्या फडताळावर जाऊन बसली. बन्सी जाळीकडे बघत म्हणाला, "भाऊसाहेब, तुमी फिंच म्हणाला हुता. मला वाटलं, इंग्रजी नाव हाय म्हंजी मोठं असंल."

दारं-खिडक्या लावून, टॉवेल घेऊन, स्वयंपाकघरातली दोन भांडी फोडून तासाभराने पाखरं हाती लागली. मग पिठाच्या चाळणीसारखी बारीक जाळी मारली. आता ते घर दूधदुभतं ठेवायच्या जाळीच्या कपाटासारखं दिसू लागलं, आणि आलेला प्रत्येक पाहुणा आधी त्यात दूध शोधायचा.

यापुढचे चार महिने रंगनाथराव विसाची वाट बघत होते. कुंभाराकडून बोटभर तोंडाची मडकी आणून टांगली. काथ्या, वाळलं गवत ठेवलं. चोच घासायला समुद्रफेस लागतो असं मच्छिंद्रने सांगितलं होतं, तो काष्ठौषधीच्या दुकानातून आणला. दुकानदाराने, कान फुटलाय का घरात कुणाचा, अशी मायेने चौकशी केली. राळ्याचे दाणे पुणतांब्याच्या व्याह्यांच्या कणगीत जुने पडून होते, तेही आले. पाखरं आनंदात होती. दोघं मिळून मडक्यात काथ्या नेत होती, दोघं गात होती, दोघं एकमेकांची पिसं विंचरत होती. फक्त अंडं काही दिसेना.

केशरबाईंनी दृष्ट काढली. कारभारीआण्णांनी, मादी जुनाट असंल, असा निष्कर्ष काढला. शेवटी रंगनाथरावांनी मच्छिंद्रला पत्र लिहिलं आणि घरचा पत्ता चुकायचा म्हणून उत्तर कचेरीच्या पत्त्यावर मागवलं. मच्छिंद्रने काटकसर करून कार्ड पाठवलं. कार्ड म्हणजे उघडंच. ते रंगनाथरावांच्या हातात पडायच्या आधी हेडक्लार्क गहिनीनाथ भाऊसाहेबांनी वाचलं, आणि वाचता वाचता नकळत त्यांचा आवाज मोठा होत गेला. 'दाजींना स. न. वि. वि. पांढऱ्या जातीत मादीची चोच फिकी असते. आपल्या दोघांच्याही चोची लालभडक आहेत असे कळविलेत. त्या अर्थी आपण दोन नर नेलेले आहेत. ताईस नमस्कार.'

कचेरीत त्या दिवशी काम थोडं कमी झालं.

दोन माद्या आल्या आणि मग मात्र गोष्टी रंगनाथरावांच्या हातात राहिल्या नाहीत. पहिल्या खेपेला अंडी झाली, पण केशरबाईंनी गोधडीतला कापूस काढून मायेने मडक्यात कोंबला, आणि पाखरांनी तो अंड्यांवर अंथरून वर नवीन घरटं बांधलं. ती अंडी तळमजल्यावर राहून गेली. दुसऱ्या खेपेपासून चुका संपल्या. मडक्यातून आधी वाटाण्याएवढी डोकी दिसायची, अठरावीस दिवसांत ती बाहेर येऊन दांडीवर रांगेत बसायची, आणि आई-बाप तेवढ्यात पुढच्या मडक्यात काथ्या घेऊन निघालेले असायचे. सहा झाली, अकरा झाली, एकोणीस झाली. विसाव्या पाखराच्या दिवशी रंगनाथरावांनी पेढे वाटले. एकतिसाव्याच्या दिवशी त्यांनी रतनबाईंना विचारलं, "हे थांबवतात कसं?"

वाटून टाकावीत तर कोणी घेईना. ओळखीच्या एका लग्नात ते आहेर म्हणून छान रंगीत कागद लावलेल्या पिंजऱ्यातून जोडी घेऊन गेले. नवरीच्या मामाने बराच वेळ जोडीकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "भाऊसाहेब, हे शिजायला किती वेळ लागतो?" जोडी संध्याकाळी परत घरी आली. केशरबाईंना आग्रह केला तर त्या म्हणाल्या, "माझ्या वळचणीला धा चिमण्या हायेत. त्यास्नी मी आजवर दाणा घातला न्हाई, त्या माझी इचारपूस करीत न्हाईत. आमचं बरं चाललंय."

आणि त्याच साली पाऊस आला नाही.

बहात्तरचं ते साल होतं. पेरलेलं उगवलं नाही, आणि उगवलेलं जळून गेलं. दिवाळीपर्यंत गल्लीतली निम्मी घरं खडी फोडायच्या कामावर जाऊ लागली. बाजारातून राळा तर गेलाच, बाजरीही दिसेनाशी झाली. रेशनच्या दुकानात परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळू लागली, आणि तीच सगळ्यांच्या ताटात आली. रंगनाथरावांच्याही. व्याह्यांच्या कणगीतला पायलीभर राळा उरला होता, तो ते मुठीने मोजून घालत आणि पुढचं कसं या विचाराने कचेरीत बेरीज दोनदा तपासू लागले.

एक दिवस त्यांनी मिलो भरडून पाखरांना घातली. पाखरांनी तिच्याकडे मान वाकडी करून बघितलं आणि तोंड फिरवलं. नेमक्या तेव्हा केशरबाई दारात उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

"आमी खातो ती भाकर तुझ्या चिमण्यास्नी चालत न्हाई व्हय रंगनाथा?"

रंगनाथरावांनी हातातली वाटी खाली ठेवली. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. रतनबाईंनी मिलोच्या कण्या आणखी बारीक करून, चाळून, ओल्या करून मूठभर राळ्यात मिसळल्या आणि चारआठ दिवसांत पाखरं ते खाऊ लागली. पण तोवर बोलणं गल्लीतून पेठेत आणि पेठेतून कुठल्या कुठे गेलं होतं.

जानेवारीत निनावी अर्ज आला. सदर कारकून विनापरवाना पक्षी उत्पादनाचा धंदा करतो, घरी पन्नास-साठ पक्षी असून त्यांच्याकरिता धान्याचा बेकायदा साठा केलेला आहे, तरी चौकशी व्हावी. गहिनीनाथ भाऊसाहेबांनी तो कागद रंगनाथरावांपुढे ठेवला. या वेळी ते मोठ्याने वाचत नव्हते.

"उद्या शुक्रवारी पुरवठ्याचे इन्स्पेक्टर येणार आहेत. दोन गोष्टी आहेत बघा. साठा निघाला तर फौजदारी. धंदा निघाला तर नोकरी."

"हा छंद आहे हो."

"चार पाखरं असती तर छंद म्हणता आलं असतं. चौतिसाचा धंदा होतो."

"हे नियमात कुठं आहे?"

"नियमात नाही. येणाऱ्या साहेबाच्या नजरेत असतं."

रंगनाथराव घरी आले ते सायकल हातात धरून, चालत. चढून बसायचं त्यांना सुचलंच नव्हतं. एकोणीस वर्षांची नोकरी, दुष्काळाचं साल, आणि कशापायी, तर पांढऱ्या पाखरांपायी. गल्लीत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. संध्याकाळी ओट्यावर सगळे जमले. बन्सीने, सोडून द्या, असा सल्ला दिला. कारभारीआण्णा म्हणाले, बाहेर ना पाणी ना दाणा, दोन दिवसांत मरतील. रंगनाथरावांनी मान खाली घातली. तेव्हा केशरबाई बोलल्या.

"सोडायच्या न्हाईत. वाटायच्या. चार ठिव घरात. बाकीच्या आमी डालाखाली झाकतो. शुक्रवार झाला की ने."

ज्यांनी वर्षभर फुकट नेली नव्हती, त्यांनी त्या दिवशी विनातक्रार नेली. केशरबाईंनी सहा, कारभारीआण्णांनी आठ, बन्सीने सहा, आणि गल्लीच्या टोकाच्या दोन घरांनी पाच-पाच. कुणी कोंबडीच्या डालाखाली, कुणी चाळण उपडी घालून. रंगनाथरावांना राळ्याचं पोतंही कुठेतरी हलवायचं होतं, पण रतनबाईंनी ते दाबून धरलं. "धान्य झाकायचं नाही. झाकलं की त्याचा साठा होतो. आहे तिथं राहू दे."

गडबडीत एक गोष्ट सगळे विसरले. ज्याला ठाऊक होती तो माणूस नोकरीच्या काळजीत होता. या पाखरांच्या जोड्या पक्क्या असतात, आणि जोडीतलं एक दृष्टीआड झालं की दुसरं त्याला हाका मारायला लागतं. दिसेपर्यंत थांबत नाही. वाटताना कोणाची जोडी कोणाकडे गेली हे कुणी बघितलं नव्हतं.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला इन्स्पेक्टरसाहेब गल्लीत शिरले. बरोबर वाट दाखवायला गहिनीनाथ भाऊसाहेब. साहेब पन्नाशीचे, वाळलेले, बुटांवर धूळ. तीन महिने तालुकाभर गोदामं उघडत हिंडून चेहऱ्याचा रंग उडालेला. गल्लीच्या तोंडाशीच ते थांबले. उजव्या हाताच्या घरातून ट्यां आलं. डाव्या हाताच्या घरातून त्याला उत्तर गेलं. मग पुढच्या घरातून दोन.

"हा आवाज कसला?"

कारभारीआण्णा दारात सायकल उलटी करून बसले होते. "चाक कुरकुरतंय साहेब."

"चाक तर थांबलंय."

"थांबल्यावरच करतंय. फिरताना गप असतं."

साहेबांनी चाकाकडे एकदा बघितलं. चार पावलं पुढे केशरबाई ओट्यावर बसलेल्या. त्यांच्या मागच्या अंधाऱ्या खोलीतून सहा जणांचा आवाज येत होता.

"आजीबाई, आत काय वाजतंय?"

"पाळणा हाय. कड्या गंजल्यात."

"बाळ आहे का घरात?"

"हुतं," केशरबाई म्हणाल्या. "मोठं झालं."

रंगनाथरावांच्या घरात माणूसभर उंच पाखरांच्या घरात चार पाखरं एका दांडीवर बसली होती आणि रिकाम्या मडक्यांकडे बघून चारी दिशांना हाका मारत होती. साहेबांनी चष्मा लावला. चार मोजली. राळ्याचं पोतं बघितलं, त्यात हात घालून तळ लागतो हे बघितलं. मग जाळीला नाक लावून बराच वेळ पाखरं न्याहाळली.

"चिमण्याच दिसतात. जरा पांढऱ्या पडल्यात, एवढंच."

"व्हय साहेब, चिमण्याच," दारातून केशरबाई म्हणाल्या.

साहेब खुर्चीवर बसले, मांडीवर फाइल घेतली आणि लिहिता लिहिता शब्द तोंडाने म्हणू लागले. "चौकशीअंती... सदर कारकुनाचे राहते घरी... चार चिमण्या आढळून आल्या. अर्जात तथ्य नाही."

आता फक्त सही व्हायची होती. गहिनीनाथ भाऊसाहेबांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. रतनबाईंनी चहाचं आधण ठेवायला पाऊल उचललं. रंगनाथराव भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी गप्प राहायचं होतं. एवढंच काम होतं. एसटीपासून ते लग्नाच्या मांडवापर्यंत जे ऐकून घेतलं, ते आणखी एकदा ऐकून घ्यायचं होतं. पण आता ते कागदावर उतरत होतं, सरकारी शाईने, आणि आकडाही चुकीचा होता.

"साहेब," ते म्हणाले, "त्या चिमण्या नाहीत."

रतनबाईंनी डोळे मिटले.

"फिंच आहेत. ऑस्ट्रेलियाच्या. आणि चार नाहीत, चौतीस आहेत. तीस गल्लीत ठेवल्यात. तुम्ही येणार म्हणून."

पाखरं तेवढी बोलत होती. साहेबांनी टाक खाली ठेवला.

"आणा," ते म्हणाले.

एकेक डालं आलं. कारभारीआण्णांनी आपलं आणताना, चाकातच अडकली हुती, असं काहीतरी पुटपुटायचा प्रयत्न केला, पण साहेबांनी नुसतं बघितल्यावर ते थांबले. सगळी पाखरं आत सोडली. क्षणभर एकच गोंधळ झाला, मग प्रत्येकाने आपापलं माणूस शोधलं, शेजारी सरकून बसलं आणि घर एकदम शांत झालं. गेल्या रात्रीपासून पहिल्यांदा गल्लीत शांतता झाली. ती साहेबांनाही जाणवली असावी, कारण त्यांनी पुढचा प्रश्न जरा हळू आवाजात विचारला.

"आजवर विकली किती?"

"एकही नाही."

"कशावरून?"

"साहेब, फुकट घेत नाही हो कुणी," रंगनाथराव म्हणाले. वर्षभर मनात साठलेलं सगळं त्या एका वाक्यात होतं.

"खरंय साहेब," बन्सी मागून म्हणाला. "आमच्या लई पाया पडले. आमी न्हाई घेतल्या."

"मी सोताच नको म्हणाले," केशरबाई म्हणाल्या. "हा माणूस धंदा करील असं तुमाला वाटतं का? ह्यानं पहिल्यांदा दोन नर आणले हुते."

साहेबांनी रंगनाथरावांकडे बघितलं. रंगनाथरावांनी मान हलवली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"अंडी विकता का?"

रंगनाथरावांनी एका मडक्यातून न फुटलेलं, वांझोटं अंडं काढून साहेबांच्या तळहातावर ठेवलं. सोललेल्या शेंगदाण्याएवढं. साहेबांनी ते बोटांत धरून उजेडाला नेलं, परत तळहातावर ठेवलं, परत बघितलं. त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. मग रोजचं खाणं मोजायला सांगितलं. रतनबाईंनी वाटी आणली. चौतीस जीवांचं मिळून एक वाटी, त्यात राळा मूठभर, बाकी मिलोच्या कण्या.

"मिलो खातात?" साहेबांनी विचारलं.

"आधी खात नव्हती. आता शिकली," रतनबाई म्हणाल्या. "आमच्यासारखीच."

साहेबांनी आधीचा कागद फाडला आणि नवीन घेतला. या वेळी ते तोंडाने म्हणत नव्हते. लिहून झाल्यावर पंच म्हणून कारभारीआण्णांची सही घेतली, केशरबाईंचा अंगठा घेतला, आणि मग कागद रंगनाथरावांना वाचायला दिला. चौतीस पक्षी, जात फिंच. अंड्याचा आकार शेंगदाण्याएवढा, सबब विक्रीयोग्य नाही. धान्य रोज एक वाटी. साठा नाही, धंदा नाही, प्रकरण बंद करण्यात यावे.

रंगनाथरावांनी 'जात फिंच' हे दोन शब्द दोनदा वाचले.

चहा पिऊन साहेब उठले. दारात थांबून म्हणाले, "तीन महिने हिंडतोय. प्रत्येक जण आहे त्यापेक्षा कमी सांगतो. जास्त आकडा सांगणारा माणूस आज पहिला भेटला." आणि बुटांवरची धूळ न झटकताच पुढच्या गावाला निघून गेले. गहिनीनाथ भाऊसाहेब मागे राहिले. "रंगनाथ," ते म्हणाले, "आज तू मला मारलं असतंस." आणि मग खुर्चीत बसून ते इतके हसले की रतनबाईंना पाणी द्यावं लागलं.

संध्याकाळी केशरबाई परत आल्या. रिकामं डालं घेऊन.

"त्या कोपऱ्यातल्या दोन दे. काल रातभर माझ्यासंगं जाग्या हुत्या. घरात कुणी बोललं की बरं वाटतं."

"मावशी, तुम्ही तर नको म्हणाला होता."

"तवा त्या माझ्याकडं राहिल्या नव्हत्या."

त्यांच्या मागोमाग कारभारीआण्णा आले, त्यांना एक जोडी निरीक्षणासाठी हवी होती. बन्सी बारीक जाळी मारलेली पेटी बरोबर घेऊनच आला. मग गल्लीतली बाकीची घरंही आली. या वेळी रंगनाथरावांनी जोड्या स्वतः बघून दिल्या, चोची तपासून, कोण कोणाशेजारी बसतं ते पाहून. अंधार पडायच्या आत चौदा पाखरं उरली, आणि रतनबाईंनी दोन मडकी सोडून बाकीची सगळी काढून फडताळावर उपडी घातली. राळ्याच्या पोत्याकडे बघून रंगनाथरावांनी मनात हिशेब केला, आणि महिन्यांनंतर पहिल्यांदा तो पावसाळ्यापर्यंत पोचला.

ते ओट्यावर आले. गल्लीत कुठेकुठे पाखरं झोपायच्या आधीचं बारीक बोलत होती. रंगनाथराव जेवले, दोन भाकरी जास्त खाल्ल्या, आणि अंथरुणावर पाठ टेकताच गाढ झोपले. रतनबाईंनी सकाळी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारावीशी त्यांना वाटली नाही.

त्या दिवशी रंगनाथराव शेटे नोकरीत पहिल्यांदा पाऊण तास उशिरा कचेरीत पोचले. गहिनीनाथ भाऊसाहेबांनी हजेरीपुस्तक पुढे सरकवलं. त्यात उशिराचं कारण लिहायचा रकाना होता. बाकीचे त्यात सायकल पंक्चर किंवा घरी आजारपण असं लिहीत असत. रंगनाथरावांनी टाक शाईत बुडवला आणि आपल्या सुबक अक्षरात लिहिलं, 'झोप लागली.'